गरजा लिहून घेणारे गृहस्थ

पहिल्या दिवशी त्यांनी आमच्याकडचा चहा घेतला नाही. आमच्या पौरोहित्य मंडळाच्या दादरमधील दोन खोल्यांत येणाऱ्याने चहा नाकारावा, असे मी मानद कार्यवाह झाल्यापासून घडले नव्हते. एकादशी असेल म्हणावे, तर तिथी पंचमीची. मी आदरपूर्वक चौकशी केली, तेव्हा ते म्हणाले, "उपवास नाही, गुरुजी. पहिल्या दिवशी चहा घेतला की माणसं चांगलं चांगलं सांगतात. उद्या घेईन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन कप घेतले.

मंडळाचे काम साधे आहे, निदान मला तसे वाटत असे. कोणाकडे सत्यनारायण असतो, कोणाकडे वास्तुशांत, मुंज, श्राद्ध. घरातले कोणी फोन करतात आणि आम्ही गुरुजी पाठवतो. गुरुजी पस्तीस, आणि या पस्तिसांना गिरगावापासून माटुंग्यापर्यंत योग्य दिवशी योग्य घरी पोचवण्याचे काम कार्यालयातील एक बाई एक दूरध्वनी, एक वही आणि चिठ्ठ्या टोचून ठेवायची एक लोखंडी सळई एवढ्यावर करीत असत. आमच्या विश्वस्तांपैकी वयाने सर्वांत लहान असलेल्या गृहस्थांना हे पाहवेना. त्यांनी एका कंपनीला सांगून मंडळासाठी अ‍ॅप करवून घेण्याचे ठरवले. कंपनीने अ‍ॅप धाडण्यापूर्वी हे गृहस्थ धाडले. अ‍ॅप बनवणारे वेगळे असतात आणि आधी जाऊन लोकांचे काम कसे चालते, त्यांच्या गरजा काय आहेत, हे लिहून आणणारे वेगळे असतात, हे मला तेव्हा समजले. समजल्यावर नवल मात्र वाटले नाही. यज्ञातही ब्रह्मा नावाचा एक ऋत्विज असतो. आहुती देणे त्याचे काम नव्हे. तो बहुतेक वेळ मौन धरून बसतो आणि इतरांचे कोठे चुकते ते पाहतो.

विश्वस्तांना मात्र नवल वाटले, कारण त्यांच्या कल्पनेतला माणूस लॅपटॉप घेऊन यायचा होता. हे गृहस्थ दोनशे पानी शाळकरी वही आणि बोटभर उरलेली पेन्सिल घेऊन आले. पन्नाशी उलटलेली, बुशशर्ट पँटीच्या बाहेर, पायात चपला. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेले. वडील गिरणीत साचाखात्यात होते. घरात मालवणी बोलली जात असावी, कारण समोरचा थांबला की त्यांच्या तोंडून "मगे?" एवढाच शब्द निघे. तो प्रश्न असे की नुसता हुंकार, हे कधी कळले नाही. पण त्या शब्दापुढे माणूस आणखी बोलत असे, हे मी स्वतःवरून सांगतो.

कारण पहिले दोन दिवस मीच बोललो. कोणत्या घरी कोणते गुरुजी पाठवावेत याचे नियम मी त्यांना शांतपणे, क्रमाने, उदाहरणे देत सांगितले. यजमानांची शाखा, सूत्र, कुलाचार, गुरुजींचे अध्ययन, सोयर आणि सुतक, कोणत्या कर्माला किती ब्राह्मण. त्यांनी एकदाही न अडवता चौदा पाने भरली. माझ्या अध्यापनाच्या आयुष्यात इतका एकाग्र विद्यार्थी मला मिळाला नव्हता. तिसऱ्या दिवशी मी थांबलो, तेव्हा ते म्हणाले,

"मगे? काल काय झालं?"

"काल म्हणजे?"

"काल सकाळी सात फोन आले. मी मोजले. कोणाकडे कोणाला पाठवलं?"

मी म्हणालो, की नेहमी आपण असे करतो... त्यांनी समासात एक बारीक फुली मारली. 'नेहमी' हा शब्द कोणी उच्चारला की ते फुली मारत, हे मला पुढे कळले. "नेहमीचं नको, गुरुजी. कालचं सांगा," ते म्हणाले, आणि मला कालचे काहीच ठाऊक नसल्यामुळे उत्तर बाईंनी दिले.

परळच्या एका टॉवरमध्ये वास्तुशांत होती. तेथे असे गुरुजी हवे होते, जे होम पेटवण्यापूर्वी इमारतीच्या माणसांना कळवून छतावरचे धुराचे यंत्र बंद करून घेतील. पूर्वी एकदा पहिल्याच आहुतीला भोंगा वाजला होता आणि सव्वीस मजले जिना उतरून खाली आले होते. डिलाईल रोडच्या चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. तेथे ज्यांचे गुडघे चांगले आहेत ते गेले. माटुंग्याच्या एका बाईंकडे, ज्यांच्याशी त्या अजून भांडल्या नव्हत्या असे एकच गुरुजी शिल्लक होते, ते गेले. असेच सातही फोन झाले. माझ्या चौदा पानांतील एकही नियम लागला नव्हता.

त्यांनी ती पाने फाडली नाहीत. त्यांच्यावर मथळा लिहिला: 'गुरुजींच्या मते कसे असावे.' मला वाईट वाटले, हे मी लपवणार नाही. मग विचार केला, की आमच्या शास्त्रातही विधी वेगळा आणि स्तुतिपर वाक्ये वेगळी मानतातच. या गृहस्थांनी माझे दोन दिवसांचे निरूपण स्तुतीच्या खात्यात टाकले, एवढेच.

पुढचे तीन आठवडे ते रोज येत. बाईंच्या समोर न बसता त्यांच्याकडे पाठ करून बसत. कोणी पाहते आहे हे विसरल्याशिवाय माणूस स्वतःसारखे काम करत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. टेबलाच्या काचेखाली बाईंनी सरकवून ठेवलेले कागदाचे कपटे ते भिंग लावल्यासारखे वाचत. कोणत्या इमारतीच्या रखवालदाराचा नंबर, कोणत्या गुरुजींना मधुमेह असल्यामुळे दुपारी एकनंतर काम नको, कोणत्या यजमानांना अकराच्या आत संपवून कचेरीत जायचे असते. "तुमचं ऑफिस या काचेखाली आहे. वर नुसतं टेबल आहे," असे त्यांनी मला एकदा सांगितले. मी देव्हाऱ्याकडे पाहिले. तो वर होता. पण त्यांचा रोख तिकडे नसावा.

ते केराची टोपलीसुद्धा उपसत. बाई पहिल्यांदा बिचकल्या, मग टोमणे मारू लागल्या.

"काय साहेब, सोनं सापडलं का आमच्या केरात?"

"सोनं नाय. पण तीन चिठ्ठ्या सापडल्या. तुम्हीच लिहिल्या, तुम्हीच फाडल्या. का?"

का म्हणजे काय, बाई म्हणाल्या. एकाच्या घरात बाळ झाले, सोयर आले, पूजा पुढे गेली. दुसऱ्याकडे चुलते वारले. तिसऱ्याकडे नवरा-बायकोचे बिनसले. ठरलेले मोडणे हा बाईंच्या दिवसाचा निम्मा भाग होता आणि विश्वस्तांच्या आराखड्यात ठरलेले मोडायची जागाच नव्हती. त्या रात्री, असे ते दुसऱ्या दिवशी म्हणाले, त्यांना छान झोप लागली. त्यांचे वडील गिरणीतून आले की आज काय बिघडले एवढेच सांगत. काय नीट चालले ते कधी नाही. बिघाडाची गोष्ट ऐकल्याशिवाय झोपायची सवय त्यांना तेव्हापासून नव्हती.

विश्वस्तांची एक आवडती कल्पना होती. गुरुजी कोठवर पोचले ते यजमानांना नकाशावर दिसावे. "काका, जेवण मागवलं की तो कुठल्या सिग्नलला आहे ते दिसतं. मग गुरुजी का नाही दिसायचे?" असे ते मला म्हणाले. माझी तत्त्वतः हरकत नव्हती. ज्याला दिसायचे त्याला आम्ही सर्वजण दिसतच असतो. 'पूजा सुरू' आणि 'पूजा संपन्न' अशी दोन बटणेही त्यांना हवी होती. आमच्या गृहस्थांनी सर्व लिहून घेतले आणि नम्रपणे विचारले, की गुरुजी सोवळ्यात असताना फोन कोण धरतो. विश्वस्त म्हणाले, की नियम करता येईल. "करा," ते म्हणाले, "पण काल कोणी तक्रार केली की गुरुजी कुठे आहेत ते कळलं नाही?" काल कोणी केली नव्हती. परवाही नाही. बटणे गेली. नकाशा मात्र विश्वस्तांच्या समाधानासाठी राहिला. त्यात अद्यापही फक्त आमचे कार्यालय दिसते.

याच दिवसांतली एक गोष्ट मला तेव्हा लक्षात घेण्यासारखी वाटली नाही. सळईवरच्या महिनाभराच्या चिठ्ठ्या काढून ते एकेक पाहत होते. काही चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा ठिपका होता.

"बाई, हा ठिपका कसला?"

"पेन्सिल टेकली असेल," बाई म्हणाल्या, आणि लगेच उठून पाण्याची बाटली भरायला गेल्या.

त्यांनी ठिपक्याच्या चिठ्ठ्या बाजूला काढल्या, वाचल्या, पुन्हा सळईला टोचल्या. आणि वहीत काही लिहिले नाही. इतक्या दिवसांत त्यांनी न लिहिलेले असे ते एकच होते. मला वाटले, दमले असतील.

लिहिणे संपले, की वाचून दाखवण्याचा दिवस येई. त्यांची रीत अशी, की ज्याचे काम त्याच्यासमोर ते वाचायचे आणि शेवटी विचारायचे, "यात खोटं कुठे आहे?" बरोबर आहे का, असे ते कधी विचारत नसत, त्याला सगळे हो म्हणतात, असा त्यांचा अनुभव. वादसभांत प्रतिपक्षाचे मत त्याच्यापेक्षा चांगले मांडणारे पंडित मी तरुणपणी पाहिले होते. त्यानंतर हेच.

एका रविवारी दुपारी त्यांनी संपूर्ण लेख वाचला. एकेचाळीस कलमे. विश्वस्त, बाई आणि मी ऐकत होतो. कार्यवाह म्हणून माझी सही झाल्यावरच कंपनी पुढचे काम सुरू करणार होती, म्हणून मी पेनाचे टोपण काढून बसलो होतो. तेहतिसावे कलम असे होते: 'बाई ठरवतील त्या गुरुजींसोबत दुसरे गुरुजी जातील. त्याचे कारण विचारण्याची किंवा लिहिण्याची सोय असू नये.'

विश्वस्त म्हणाले, की हे कशाला; एका कामात दोन माणसे विनाकारण अडकतात. मला त्यांचे प्रथमच पटले. मी म्हणालो, की साध्या कर्माला दुसऱ्या पुरोहिताची अपेक्षा शास्त्रातही नाही. माझ्याबरोबर वर्षभर एक गुरुजी येतात हे खरे. ते बँकेतून निवृत्त होऊन माझ्याकडेच पौरोहित्य शिकले, अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. ते अनुभवासाठी येतात. आता त्यांना पुरेसा अनुभव झाला आहे, त्यांनी स्वतंत्रपणे जावे. हे कलम काढावे. असे म्हणून मी कागद पुढे ओढला.

"गुरुजी, ते खोडू नका," ते म्हणाले.

लेखात काय असावे याबद्दल त्यांनी स्वतः आग्रह धरलेला तीन आठवड्यांत मी प्रथमच पाहिला. मी म्हणालो, की खोटे कुठे आहे असे तुम्हीच विचारता. मी दाखवतो आहे.

"खोटं नाही, म्हणूनच सांगतो."

"मग कोणत्या गुरुजींसाठी आहे हे?"

विश्वस्तांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी न वाजलेला फोन उचलला आणि "हॅलो" म्हणाल्या.

मी पेनाला टोपण लावले. लेख घरी नेऊन शांतपणे वाचतो, दोन दिवस द्या, एवढे मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वस्त नसताना मी बाईंना विचारले. त्यांनी बराच वेळ सळईवरच्या चिठ्ठ्या सारख्या केल्या. मग सांगितले. आदल्या वर्षीच्या पितृपक्षात मी सकाळी माटुंग्याला एका घरी श्राद्ध करून डिलाईल रोडला दुसऱ्या घरी गेलो होतो. दुसऱ्या घरी मी गोत्र आणि तीन पिढ्यांची नावे पहिल्या घरची घेतली. पिंड दुसऱ्या घरचे, पितर पहिल्या घरचे. यजमान माझ्या वयाकडे पाहून माझ्यासमोर काही बोलले नाहीत. दुपारी त्यांनी बाईंना फोन केला. ज्यांचे राहून जाते त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या असते; बाईंनी त्या दिवशी बँकेतल्या गुरुजींना पाठवून ते श्राद्ध पुन्हा करवून घेतले. तेव्हापासून माझ्या चिठ्ठीवर ठिपका.

"त्यानंतर?" मी विचारले.

"आणखी दोनदा. पण तेव्हा बँकेतले गुरुजी तुमच्यासोबत होते. त्यांनी हळूच नाव सांगितलं, तुम्ही म्हटलंत. तुमच्या लक्षातही आलं नाही." मग त्या म्हणाल्या, "कसं सांगायचं, गुरुजी? पस्तीसपैकी वीस तुमच्याच हाताखाली शिकलेले."

त्या दिवशी संध्येला बसलो तो बराच वेळ उठलो नाही. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो, की नाव आणि गोत्र हा श्राद्धातला पत्ता आहे. तोच चुकला तर अन्न वाटेत राहते. कोणाचे तरी वडील त्या दिवशी दारात येऊन परत गेले, आणि त्यांना परत पाठवणारा मी होतो. मला ते आठवतही नव्हते. चुकीपेक्षा हे न आठवणे अधिक भयंकर वाटले. पुन्हा या आसनावर बसावे की नाही, हा एकच प्रश्न उरला.

मंगळवारी ते गृहस्थ सहीसाठी आले. आम्ही गॅलरीत उभे राहिलो. मी त्यांना सांगितले, की मला सर्व कळले आहे. मी पौरोहित्य थांबवतो, म्हणजे तेहतिसाव्या कलमाची गरज संपते. ते आता निर्वेधपणे खोडता येईल. तुम्हाला हे केव्हा कळले, असेही विचारले.

"तिसऱ्या चिठ्ठीला."

"मग मला का विचारले नाही?"

"तुम्हाला माहीत नव्हतं. ज्याला माहीत नाही त्याला विचारून काय मिळणार?" ते म्हणाले. "आणि कलम तुमच्यासाठी नाही लिहिलं, गुरुजी. तुमच्याआधी एकांना ऐकू कमी यायचं. त्यांच्याबरोबर कोणीतरी जायचं. बाई हे वीस वर्षं करतायत. हे इथलं चालू काम आहे. मी लिहिलं नाही तर मशीन पहिल्या दिवसापासून ते बंद करील, आणि काय बंद झालं ते कोणाला कळणारसुद्धा नाही."

कारण लिहिण्याची जागा का नको, हे मी विचारले.

"जागा ठेवली की कोणीतरी भरतं. भरलं की कोणीतरी वाचतं."

मी सही केली. शास्त्रार्थात हरलेल्याने जिंकणाऱ्याचा सन्मान करावा अशी रीत आहे; मी त्यांना श्रीफळ दिले. ते त्यांनी वहीबरोबर पिशवीत टाकले.

मग मी आत येऊन बाईंना म्हणालो, की माझे नाव पुरोहितांच्या यादीतून काढा. बाईंनी लेख उघडला, बोट ठेवून वाचला, आणि म्हणाल्या, की कोणी जायचे आणि कोणाबरोबर जायचे ते बाई ठरवतील असे आहे. गुरुजींनी ठरवायचे कुठे लिहिलेले नाही. खाली सही माझीच होती.

अ‍ॅपच्या उद्घाटनाला ते आले नाहीत. विश्वस्तांनी संगणकाला झेंडूचा हार घातला आणि मी त्याची यथासांग पूजा केली. जोडीला बँकेतले गुरुजी होते. पाहुण्यांनी ते कोण, असे विचारले नाही. बाईंच्या पडद्यावर आता चौकोन आहेत. काचेखालचे कपटेही आहेत. बाई म्हणतात, दोन्ही लागतात.

यानंतर काही महिन्यांनी अ‍ॅपवर एक नोंद आली. त्या गृहस्थांच्या वडिलांचे वर्षश्राद्ध. गुरुजी कोण हवेत या जागी माझे नाव होते. बाईंनी नेहमीप्रमाणे दुसरे नावही जोडले होते.

त्यांच्या चाळीच्या जागी आता उंच इमारत आहे. बाविसाव्या मजल्यावर त्यांचे घर. धोतर नेसून ते पाटावर बसले, तेव्हा मी त्यांना प्रथमच हातात पेन्सिल नसलेले पाहिले. आज विचारणारा मी होतो. गोत्र विचारले; काश्यप. वडिलांचे नाव सांगितले, आजोबांचे सांगितले. बँकेतल्या गुरुजींनी दोन्ही कागदावर लिहून घेतली. पणजोबांच्या नावाला ते थांबले.

"माहीत नाही," ते म्हणाले. "सगळ्यांना सगळं विचारत फिरलो. वडिलांना हे विचारायचं राहिलं."

कर्म सुरू झाले. पिंडदानाची वेळ आली, आणि वडिलांचे नाव घेण्यासाठी मी तोंड उघडले, तर नाव नव्हते. नुकतेच ऐकलेले, जेथे असायला हवे तेथे काहीच नाही. बँकेतले गुरुजी माझ्या कानाशी वाकू लागले. मी त्यांना थांबवले आणि यजमानांच्या देखत, स्पष्ट आवाजात विचारले, "यजमानांच्या वडिलांचे नाव काय?" त्यांनी कागद पाहून तेवढ्याच स्पष्टपणे सांगितले. मी ते म्हटले. आजोबांचेही विचारले, म्हटले. यजमानांनी पहिला पिंड ठेवला, दुसरा ठेवला.

तिसऱ्याला बँकेतल्या गुरुजींनी कागद पाहिला आणि माझ्याकडे पाहिले. त्यांच्या कागदावर तेथे काही नव्हते.

"दिविषद्," मी म्हणालो. "ज्यांचे नाव ठाऊक नाही त्या पणजोबांचे हे नाव. द्युलोकात राहणारे. लिहून ठेवा." त्यांनी लिहिले.

यजमानांनी हातातला पिंड तसाच धरून मान वर केली.

"नाव माहीत नसलं तर काय, हे आधीच लिहून ठेवलंय?"

"आहे."

"कधी?"

"पुष्कळ वर्षे झाली."

"कुणी लिहिलं? विचारलं कुणाला त्यांनी?"

"पिंड ठेवा," मी म्हणालो, "आणि पाणी सोडा."